मालकाचं नाव

दसरा चौकात दुपारी चारला
रोज कुणाची ना कुणाची आत्या मरायला टेकलेली असते.
सी.पी.आर. इथून हाकेवर,
त्यामुळं सिग्नल तोडणाऱ्याला कारण शोधायला
लांब जावं लागत नाही.
एका पोराची आजी माझ्याच ड्युटीत तीनदा गेली.
तिसऱ्यांदा मी म्हटलं, आजीला नमस्कार सांग,
आणि पाचशेची पावती हातात दिली.

यंत्रात सगळं आहे :
विनाहेल्मेट, ट्रिपल सीट, उलट दिशा,
नंबरप्लेटवर 'दादा'.
फक्त 'का?' याला रकाना नाही.
तो रकाना आम्ही डोळ्यांत घेऊन उभं राहायचं,
धुरात, आठ तास.

आणि डोळे चुकतात.
व्हीनस कॉर्नरला, नवी होते तेव्हा,
एक रिक्षा अडवली. पीयूसी संपलेली.
रिक्षावाला हात जोडत होता, म्हणून जास्तच राग आला.
हात जोडणारे मला खोटेच वाटायचे तेव्हा.
सात मिनिटं कागद बघितले.
मागं शाल पांघरून कुणीतरी होतं.
मे महिना होता.
हे मला रात्री कुकर लावताना आठवलं.
त्यांचं पुढं काय झालं, माहीत नाही.
माहीत करून घेतलं नाही, असं म्हणावं लागेल.

तर हा आला स्टेशनकडून, लाल असताना,
डोकं उघडं,
तोंडावर शिरोलीच्या फाउंड्रीची काळी वाळू,
आणि उजव्या हातात भट्टीवरचा मोजा तसाच.
एकाच हातात.
दुसरा कुठाय विचारलं
तर हाताकडं बघत राहिला,
हात जसा काय दुसऱ्या कुणाचा.
"आई," म्हणाला.
पुढं काही नाही. वॉर्ड नाही, आजार नाही,
कुठल्या साहेबाची ओळख नाही.
खोटं बोलणारा एवढं कमी बोलत नाही.

सवयीनं नंबर टाकून झाला होता.
पडद्यावर नाव आलं : हौसाबाई ज्ञानू खोत.
"गाडी कुणाची?"
"तिचीच. दूध संस्थेचं कर्ज तिच्या नावावर मिळालं."

बटण दाबलं असतं
तर मेसेज तिच्या मोबाइलवर गेला असता.
उशाशी कुठंतरी टुण्ण वाजलं असतं,
जवळ बसलेल्या कुणीतरी चष्मा लावून वाचलं असतं :
दंड, दसरा चौक, चार वाजून अकरा मिनिटं.

अंगठा उचलला.
शिट्टी तोंडात धरली, हात आडवा केला,
बिंदू चौकाकडून येणारी केएमटी जागेवर थांबवली.
एक ट्रॅव्हल्सवाला काच खाली करून शिव्या देत होता.
"जावा. सरळ जावा.
हळू जावा पण."

संध्याकाळी साहेबांनी कॅमेऱ्यात बघून विचारलं,
चौगले, तो कोण तुमचा?
कोण नाही, म्हटलं.
ते हसले,
मी आजीवाल्या पोराला हसले होते, तसं.

पंधरा-सोळा दिवसांनी तो आला.
हेल्मेट काढलं, तर डोकं गुळगुळीत.
विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं,
गाठ पडली?
"पडली. दोन मिन्टं. वळखलं मला.
हात धुऊन ये म्हणाली.
गेलो धुवायला."

मग पाकीट काढलं.
"मॅडम, ती पावती ऱ्हायली."

मी नंबर टाकला.
पडद्यावर तेच नाव. अजून तीच मालक.
आम्ही दोघांनी वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.
आरटीओत नाव बदलून घ्या, एवढंच मी म्हटलं,
आणि यंत्र काखेत मारलं.

केस नसल्यानं हेल्मेट सैल झालेलं,
लाल दिव्याला थांबून ते सारखं करत होता.
हिरवा लागला, तरी तो तिथंच.
मागं हॉर्न सुरू झाले.
शिट्टी माझ्या हातातच होती,
हातातच राहू दिली.